आषाढाचे ताट : रानभाज्या आणि आपण डॉक्टर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आहारविषयक लेख मागितला, तेव्हा मधुमेह, स्थूलता, रक्तातील चरबी असे नित्याचे विषय प्रथम मनात आले. त्या विषयांवर अधिकारवाणीने लिहू शकतील असे सहकारी आपल्या संस्थेत पुष्कळ आहेत. मी मात्र माझ्या उमेदवारीच्या काळातील एका चुकीपासून आरंभ करणार आहे. ती चूक रोगनिदानाची नव्हती, औषधयोजनेचीही नव्हती. ती एका वाक्याची होती.

१९८० च्या दशकात मी सत्तरी तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत होतो. आषाढातील एका बाजारवारी पाचव्या महिन्याची एक गर्भवती सासूबरोबर तपासणीस आली. तिसरी खेप, डोळे पांढुरके, साहलीच्या नळीत हिमोग्लोबिन सात ग्रॅम. मी रीतीप्रमाणे लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जेवणात काय असते ते विचारले. ती म्हणाली, "पेज, सुके मासे, आणि आता पावसात टायकिळा, कुड्डूक, तेरें. आणखी काय असणार, डॉक्टरसायबा?" मी शहरात वाढलेला, नुकताच पदवी घेऊन आलेला. मी म्हणालो, "असला पालापाचोळा खाऊन रक्त वाढत नसते. पालक खा, सफरचंद खा, मोसंबी खा."

महिन्याभराने ती पुन्हा आली. हिमोग्लोबिन जागचे हलले नव्हते. आता तर जीभ लाल व गुळगुळीत झाली होती आणि ओठांचे कोपरे फाटले होते. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. शौचास काळे होते म्हणून गोळ्या तिने स्वतःहून सोडल्या होत्या, आणि टायकिळा मी सांगितले म्हणून सोडला होता. सफरचंद आणि पालक त्या गावात येतच नव्हते. राहिली ती पेज आणि सुके मासे. सासू शांतपणे म्हणाली, "तुम्ही शिकलेले. तुम्ही नको म्हटलेत, तर आम्ही कसे देणार?"

माझ्या शब्दाने एका गर्भवतीच्या ताटातील एकमेव पालेभाजी गेली होती. त्या दिवसापासून मी रानभाज्यांकडे पाहू लागलो. त्यातून जे उमगले ते सहकाऱ्यांपुढे व सुविद्य वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आषाढातच का?

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी 'पुरूमेंत' भरण्याची रीत आहे. तांदूळ, सुके मासे, मीठ, मिरची, सोलां, लोणची, आठळ्या अशी चार महिन्यांची बेगमी चैत्र-वैशाखातच होत असे. पण पुरूमेंत ऐपतीप्रमाणे भरते. ज्यांची जमीन थोडी आणि रोजगार हंगामी, त्यांची कणगी ज्येष्ठाअखेर तळ दाखवू लागे. नवे भात हाती येण्यास आश्विन उजाडे. मधले दोन-तीन महिने अंगमेहनतीची कामे सर्वांत अधिक आणि अन्न सर्वांत कमी. त्यातच जुलाब, हिवताप आणि बाळंतपणे. पूर्वीच्या खेड्यातील कुपोषणाचा खरा ऋतू हाच.

नेमक्या याच वेळी रान उगवते. पहिल्या पावसानंतर पंधरवड्यात वाटेच्या कडेला टायकिळा (देशावर ज्याला टाकळा म्हणतात) वर येतो. पाठोपाठ कुड्डूक म्हणजे कुरडू, परसातील व ओहोळाकाठचे तेरें (रानअळू), सुरणाच्या कुळातील लूत, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे किल्ल, वाळवीच्या वारुळावरची अळमी, आणि श्रावणाच्या सुमारास फागलां म्हणजे कर्टोली. शेतातील पीक लोंबीस येण्याआधी, न पेरता, न राखता मिळणारे हे अन्न. म्हणून या भाज्या ज्या महिन्यांत मिळतात ते महिने विचारात घेतल्यावाचून त्यांचे मोल कळत नाही. टायकिळा पौषात मिळाला असता, तर त्याला कोणी विचारले नसते.

या ज्ञानाची नोंद घेणाऱ्यांत आपल्याच व्यवसायातील एक गोमंतकीय होते, हे अनेकांना ठाऊक नसेल. गोव्यात जन्मलेले व मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. जुझे कामिल लिस्बोआ हे वैद्यकीबरोबरच वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा जो वनस्पतिविषयक पंचविसावा खंड १८८६ मध्ये निघाला, त्यात त्यांच्या उपयुक्त वनस्पतींच्या नोंदी आहेत. दुष्काळात लोक कोणत्या रानवनस्पतींवर जगले, याचीही दखल त्या खंडात घेतलेली आहे. पुढे पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी गोमंतकातील वनस्पतींची सूची १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या रानाची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्याने येथून आरंभ करावा.

पानांत असते तरी काय?

हिरव्या पानांतून मिळणाऱ्या पोषकद्रव्यांत फोलेट हे गर्भवतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. त्याच्या शोधाचा धागा मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या आणि गिरणीकामगार स्त्रियांमध्ये गर्भारपणी आढळणाऱ्या, मोठ्या तांबड्या पेशींच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला बरीच वर्षे 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून तो वेगळा काढला गेला आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. माझ्या रुग्णाची ती लाल, गुळगुळीत जीभ मला याच अभावाची आठवण करून देत होती. तिने सोडलेल्या गोळीतही फोलिक ॲसिड होते आणि तिने सोडलेल्या पानातही.

दुसरा घटक बीटा-कॅरोटीन. त्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. पण हे रूपांतर उदार नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ मध्ये स्वीकारलेल्या हिशेबाप्रमाणे आहारातील बारा मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनपासून एक मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व मिळते असे धरतात, आणि त्याच्या शोषणासाठी जेवणात थोडा स्निग्धांश लागतो. आपल्या सुगरणी टायकिळ्याच्या भाजीत ओल्या खोबऱ्याचा चव आणि फणसाच्या आठळ्या घालतात. चवीसाठी घातलेले खोबरे कॅरोटीनचे शोषण वाढवते आणि आठळ्यांतून थोडी ऊर्जा मिळते. याखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम, रायबोफ्लेविन, 'क' जीवनसत्त्व आणि चोथा हे सर्व कमी-अधिक प्रमाणात पानांत असतेच. कुंपणाशी पसरणाऱ्या घोळीत तर ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, जे पालेभाज्यांत एवढ्या प्रमाणात क्वचित आढळते.

लोहाचा हिशेब

येथे मात्र उत्साहाला आवर घालावयास हवा. 'पालेभाजी म्हणजे लोह' हे समीकरण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दाखवलेले होते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत तोच आकडा १.१४ वर आला. २०१७ च्या नव्या कोष्टकांत तो पुन्हा काहीसा वाढला, तरी जुन्या आकड्याच्या एक-तृतीयांशाइतकाही नाही. पानांना चिकटलेली माती आणि मोजणीची पद्धत यांचा या आकड्यांवर फार परिणाम होतो. शिवाय पानांतील लोह मांस-मासळीतील हीम प्रकारच्या लोहाइतके सहज शोषले जात नाही. फायटेट, पॉलिफिनॉल, जेवणानंतरचा चहा ही सर्व त्याच्या आड येतात. उलट 'क' जीवनसत्त्व आणि मासळी यांची जोड मिळाली तर शोषण सुधारते.

तेव्हा सात ग्रॅम हिमोग्लोबिनच्या गर्भवतीला केवळ टायकिळ्यावर सोडणे ही दुसरी चूक ठरेल. तिला गोळ्या हव्यातच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. एवढा मोठा प्रश्न एका भाजीने सुटणारा नाही. पण मी त्या बाईला "रक्त वाढत नसते" असे म्हणालो, तेव्हा मी फक्त लोहाचा विचार केला होता. फोलेट, कॅरोटीन, 'क' जीवनसत्त्व आणि पेजेबरोबर घशाखाली चार घास अधिक उतरवणारी चव, यांचा हिशेब मी धरलाच नव्हता.

स्वयंपाकघरातील रसायनशास्त्र

रानातील प्रत्येक हिरवी वस्तू खाण्याजोगी नसते, आणि जी असते तीही कशीही करून चालत नाही. तेरें आणि लूत यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशात टोचतात आणि खाज सुटते. म्हणून या भाज्या सोलां, चिंच अशा आंबटाबरोबर दीर्घकाळ शिजवतात. कोकणात व ठाण्याकडे याच कुळातील शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालण्याचा दंडक आहे. किल्लांत टॅक्सिफायलिन नावाचा, सायनाइड मुक्त करणारा घटक असतो. म्हणून ते चिरून पाण्यात भिजत घालतात, पाणी बदलतात आणि पुरेसे उकळून मगच फोडणीस टाकतात. कडू करांदे पुनःपुन्हा उकळून पाणी टाकून देतात, तेही याच कारणाने.

पण पाणी टाकून देण्यात एक तोटाही असतो. फोलेट आणि 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात आणि उष्णतेने नाश पावतात. म्हणून जेथे विषारी अंश आहे तेथे पाणी टाकावे, आणि जेथे नाही तेथे ते टाकू नये. टायकिळा व कुड्डूक यांची कोवळी पाने धुऊन, चिरून, झाकण ठेवून स्वतःच्याच ओलाव्यात शिजवतात. किल्लांचे पाणी मात्र टाकतात. हा विवेक माझ्या रुग्णाच्या सासूला होता. मला तो पुस्तकातून शिकावा लागला. आज गावातील मुली नोकरीनिमित्त शहरात जातात, आणि भाजी मागवली तर मिळते, पण ती करण्याची रीत तिच्याबरोबर येत नाही. रानभाज्यांच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती या तुटलेल्या दुव्याची.

साम्य आणि विष

ओळख चुकली तर काय होते, याचे उदाहरण डॉक्टरांनी विशेष लक्षात ठेवावे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात अनेक वर्षे हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुले उलट्या, बेशुद्धी आणि यकृताच्या बिघाडाने दगावत. तो विषाणुजन्य मेंदूज्वर समजला जाई. कासविंद्याच्या बिया खाण्याशी त्याचा संबंध असल्याचे २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले. ओडिशातील मलकानगिरी येथे २०१६ मध्ये झालेल्या बालमृत्यूंच्या तपासातही तज्ज्ञांनी याच बियांतील अँथ्राक्विनोन गटातील विषाकडे बोट दाखवले.

कासविंदा हा टायकिळ्याचा भाऊबंद आहे. टायकिळ्याच्या पानात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि पर्णिकांचे टोक गोलसर असते. शेंग लांब, बारीक आणि वाकलेली. कासविंद्याच्या पर्णिका चार ते सहा जोड्यांच्या, टोकदार आणि उग्र वासाच्या, तर शेंग चपटी. भुकेलेल्या मुलाने हिरव्या शेंगा सोलून खाणे हा धोका आपल्याही गावांत आहे. मुलांना ही दोन झुडपे शेजारीशेजारी दाखवावीत.

अळम्यांविषयी तर अनुभवी माणसाखेरीज कोणावरही विसंबू नये. काही विषारी अळंब्यांचे परिणाम सहा तासांनंतर किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतात. उशिरा सुरू झालेल्या उलट्या-जुलाब हे यकृतावरील संकटाचे लक्षण असू शकते, आणि मध्ये वाटलेला उतार फसवा असतो. अशा रुग्णाला सलाईन लावून घरी पाठवू नये.

'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' ही समजूतही तितकीच घातक. आपल्या परसातील बिंबले आमटीत घालतात तेव्हा काही बिघडत नाही. पण कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून त्यांचा रस काढून प्याल्याने ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांची मालिका केरळातील डॉक्टरांनी २०१३ मध्ये नोंदवली. चमच्याने वाढावयाची वस्तू पेला भरून घेतली, की ती अन्न राहत नाही.

अन्नसुरक्षेचा अर्थ

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांतील माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत मिळते. सत्तरीतील कणगी आज आषाढात पूर्वीसारखी रिकामी होत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तांदूळ आणि गहू यांनी पोट भरले, तरी जीवनसत्त्वे व खनिजे यांची उणीव राहतेच. पोषणतज्ज्ञ तिला 'छुपी भूक' म्हणतात. ताटात किती प्रकारचे पदार्थ येतात, हा अन्नसुरक्षेचा दुसरा अर्धा भाग आहे. जेथे बाजार दूर आहे आणि भाजीवर खर्च करण्यास हातात पैसा नाही, तेथे तो भाग आजही रानच सांभाळते.

ते रान मात्र आक्रसते आहे. बागायतीत तणनाशक फवारले की टायकिळा आणि कुड्डूक पहिल्यांदा जातात, कारण त्या फवारणीच्या लेखी ती तणेच. रस्त्याकडेची पाने धुराने व सांडपाण्याने दूषित होतात. जी भाजी जंगलातूनच येते, तिच्यावर शहरी मागणीचा ताण पडतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फागलां आणि अळम्या यांना मिळणारा भाव पाहिला, की ती वेचणाऱ्या घरात त्या शिजतात की नाही अशी शंका येते. वेचणारीला चार पैसे मिळावेत, यात दुमत नाही. पण सारेच विकले गेले आणि त्या पैशांची बिस्किटे घरी आली, तर पोषणाचा हिशेब तोट्यात जातो. २००६ च्या वनाधिकार कायद्याने वननिवासींचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. तो हक्क वापरताना अळमी व लूत यांसारखी जिन्नस मुळासकट ओरबाडली जाणार नाही, हे गावानेच पाहावयास हवे.

आपल्या परंपरेत या ज्ञानाची एक वार्षिक उजळणी होतीच. चतुर्थीला गणपतीपुढे बांधली जाणारी माटोळी म्हणजे रानातील फळाफुलांची टांगलेली सूचीच. तिच्यातील सर्वच फळे खाण्याची नसतात. कवंडळ शोभेचे, पण विषारी. कोणते फळ ताटात आणि कोणते फक्त माटोळीत, हे मुले ती बांधताना शिकत. आज माटोळीचे साहित्य बाजारातून तयार आणले जाते, तेव्हा हा पाठ राहून जातो.

दवाखान्यात आपण काय करावे?

सहकाऱ्यांना माझी विनंती मोजकी आहे. आहाराची चौकशी करताना ऋतूप्रमाणे भाजीचे नाव विचारावे. रुग्ण टायकिळा खातो म्हणाला तर हसू नये आणि थांबवूही नये. गोळ्या का घ्यायच्या, शौचास काळे का होते, हे सांगावे आणि 'गोळीही घ्या, भाजीही खा' असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. भाजीवर लिंबू पिळण्यास आणि जेवणानंतर तासभर चहा टाळण्यास सांगावे. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यांना ऑक्झलेटयुक्त पाल्याबाबत सावध करावे. वॉरफरिन घेणाऱ्यांना पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू-घटवू नका, असे सांगावे, कारण तिच्यातील 'के' जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करते. ओळख नसलेले काहीही खाऊ नये, हा नियम सर्वांना.

त्या बाईचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. तिने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, भाजीही. प्रसूतीच्या वेळी हिमोग्लोबिन साडेनऊच्या पुढे गेले होते. त्याचे बहुतेक श्रेय गोळ्यांचे, हे मी जाणतो. पण ती गोळ्या घेऊ लागली, कारण त्या वेळी मी तिच्या ताटातील भाजीला नावे ठेवली नाहीत, असे मला आजही वाटते. पुढील आषाढात तिची सासू टायकिळ्याची एक जुडी केंद्रात ठेवून गेली. आठळ्या घालून करा, असा निरोप होता.

आपल्या संस्थेने एक लहानसे काम हाती घ्यावे, असे सुचवून थांबतो. येत्या पावसाळ्यात प्रत्येक सभासदाने केसपेपरवर एकच ओळ अधिक लिहावी : रुग्णाने त्या आठवड्यात खाल्लेल्या रानभाजीचे नाव, गाव आणि ती करण्याची रीत. चार महिन्यांच्या या ओळी एकत्र केल्या, तर तालुक्यागणिक आषाढाचे ताट आपल्यापुढे मांडले जाईल. ज्यांना ही ओळ सांगता येते त्या सासवा आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून हे काम पुढील वर्षावर ढकलू नये.